बाटलीवरचा दुसरा आकडा

“दहाची बाटली संपली. दुकानात वीसचीच होती, ती घेऊन आलो. चालेल ना?”

रिमोटवर पळणाऱ्या नायट्रो गाड्यांचा नाद ज्या ज्या मराठी घरात शिरला आहे, तेथे हा प्रश्न आज ना उद्या निघतोच. गाडी येते मुलाच्या वाढदिवसाला. महिनाभरात ती मुलापेक्षा बाबांचीच अधिक होते. घरची मंडळी कपाळाला हात लावतात, शेजारी आवाजाबद्दल कुरकुरतात; पण हातभर लांबीची ती गाडी निळसर धूर सोडीत सुसाट सुटली म्हणजे तेच शेजारी कुंपणापाशी येऊन उभे राहतात. बॅटरीच्या गाड्यांनी आज बाजार व्यापला आहे, हे खरे. तरीही खऱ्या इंजिनाचा आवाज, वास आणि खोड्या ज्यांना हव्या असतात असे शौकीन अजून आहेत, आणि त्यांत आपली मंडळीही आहेत.

तर, दहाची संपली आणि वीसची आणली तर चालेल काय? बहुतेक वेळा चालेल. पण नुसती बाटली बदलून चालणार नाही, इंजिनही त्या बाटलीप्रमाणे नव्याने जुळवावे लागेल. आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे, बाटलीवर ठळक छापलेला आकडा इंजिनाचे आयुष्य ठरवीत नाही. ते ठरवणारा आकडा दुसराच असतो, बारीक अक्षरांत छापलेला, आणि कित्येक बाटल्यांवर तर तो छापलेलाच नसतो.

बाटलीत असते काय?

या इंधनात तीन गोष्टी असतात: मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल. बाटलीवरचे १०, २० किंवा ३० हे आकडे त्यांतल्या फक्त नायट्रोमिथेनचे शेकडा प्रमाण सांगतात. ‘नायट्रो गाडी’ या नावामुळे गाडी नायट्रोवर चालते असा समज होतो. प्रत्यक्षात ती चालते मुख्यतः मिथेनॉलवर, म्हणजे ज्याला लाकडापासून काढलेले अल्कोहोल म्हणत त्या द्रवावर. आंतरराष्ट्रीय विमान-मॉडेल स्पर्धांच्या काही वर्गांत तर नियमाने ८० भाग मिथेनॉल आणि २० भाग एरंडेल एवढेच इंधन देतात. नायट्रोचा त्यात थेंबही नसतो, आणि ती इंजिने अतिशय वेगाने चालतात.

या इंजिनाला ठिणगी देणारा प्लग नसतो. रे आर्डेन या अमेरिकन कारागिराने १९४७ मध्ये बाजारात आणलेला ‘ग्लो प्लग’ त्यात असतो. त्यापूर्वीच्या मॉडेलांना बॅटरी, कॉइल, कंडेन्सर असा सारा संसार पाठीवर वाहावा लागे. ग्लो प्लगमध्ये प्लॅटिनमयुक्त तारेचे बारीक वेटोळे असते. इंजिन सुरू करताना बाहेरच्या लहान बॅटरीने ते लाल करायचे आणि इंजिन चालू झाले की बॅटरी काढून घ्यायची. पुढे मिथेनॉलची वाफ आणि प्लॅटिनम यांची जी रासायनिक क्रिया होते तिच्याच उष्णतेने, आणि आधीच्या स्फोटाच्या धगीने, तार लाल राहते. मिथेनॉलशिवाय हे जमत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवावा. पेट्रोलची गोष्ट निघेल तेव्हा तो कामाला येईल.

डबा घेऊन येणारा पाहुणा

मग नायट्रो कशाला? इंजिनाला ताकद मिळते ती इंधन जाळून, आणि इंधन जाळायला हवा लागते. सिलिंडरात एका वेळी मावणारी हवा ठरलेली असते. एक किलो पेट्रोल पूर्ण जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. एक किलो मिथेनॉलला सुमारे ६.५ किलो, आणि एक किलो नायट्रोमिथेनला अवघी १.७ किलो. याचे कारण असे की, नायट्रोमिथेनच्या रेणूतच प्राणवायू असतो. जेवायला येताना स्वतःचा डबा घेऊन येणारा हा पाहुणा आहे. यजमानाच्या ताटातले तो थोडेच घेतो, म्हणून तेवढ्याच अन्नात अधिक पाहुणे बसवता येतात.

वजनाला वजन धरले तर नायट्रोमिथेनमध्ये पेट्रोलच्या सुमारे पाव हिस्साच उष्णता असते. पण तेवढ्याच हवेत ते कितीतरी अधिक जाळता येत असल्याने एकूण ताकद वाढते. अमेरिकेतल्या ‘टॉप फ्युएल’ ड्रॅगस्टर शर्यतींत सुमारे ९० टक्के नायट्रोमिथेन वापरतात ते याचसाठी. आपल्या छोट्या गाड्यांत त्याचा आणखी एक फायदा होतो. गाडी उभी असताना इंजिन स्थिर चालते आणि जुळवणी किंचित चुकली तरी सांभाळून घेते.

मात्र दहावरून वीसवर गेल्याने वेग दुप्पट होत नाही. थोडी चपळाई येते, टाकी लवकर रिकामी होते आणि खिसाही, कारण या तिघांत नायट्रोमिथेन हाच सर्वांत महाग घटक आहे.

एरंडेलाचे दुसरे काम

आता तिसऱ्या घटकाकडे, म्हणजे तेलाकडे वळू. आमच्या पिढीतल्या अनेकांना एरंडेल म्हटले की नाक दाबून पाजलेला चमचा आणि रविवारची वाया गेलेली सकाळ आठवते. तेच एरंडेल पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या रोटरी इंजिनांना वंगण म्हणून घालीत. ‘कॅस्ट्रॉल’ या नावातला ‘कॅस्टर’ म्हणजे एरंडच. आणि जगात एरंडाचे सर्वांत मोठे पीक निघते ते भारतात, त्यातही मुख्यतः गुजरातेत. म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या गावाच्या ट्रॅकवर धुरळा उडवणाऱ्या गाडीच्या पोटातही आपल्याकडच्या शेतातले चार थेंब असण्याचा बराच संभव आहे.

एरंडेलाची निवड काही नवलाखातर झालेली नाही. खनिज तेल मिथेनॉलमध्ये विरघळत नाही, एरंडेल विरघळते. शिवाय इंजिन प्रमाणाबाहेर तापले तरी एरंडेल पटकन जळून जात नाही. धातूवर त्याचा चिवट थर बसतो आणि पिस्टनची लाज राखतो. तोच थर पुढे तपकिरी रोगणासारखा साचतो, हा त्याचा दोष. कृत्रिम तेले स्वच्छ जळतात, पण फार तापले की साथ सोडतात. म्हणून बहुतेक इंधनांत दोहोंचे मिश्रण असते.

ज्यांनी पुण्यामुंबईला टू-स्ट्रोक बजाज स्कूटर चालवली आहे त्यांना पंपावर पेट्रोलबरोबर तेलाचे माप मागून घेतल्याचे आठवत असेल. येथेही तोच न्याय आहे. या इंजिनाला तेलाची वेगळी टाकी नाही, तेलाचा पंप नाही. इंधनाबरोबर जे तेल आत जाईल तेवढेच त्याचे वंगण. आणि इंजिन मिनिटाला ३०,००० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ५००.

आता एक हिशेब करू. स्पर्धेच्या आठपट लहान बग्गीची टाकी १२५ सीसीची असते. इंधनात १६ टक्के तेल असेल तर एका टाकीमागे इंजिनाला २० सीसी तेल मिळते. ८ टक्के असेल तर १० सीसी. दोन्ही बाटल्यांवर ठळक अक्षरांत ‘२०’ असेच छापलेले असू शकते! एक रोजच्या हौसेसाठी असते. दुसरी शर्यतीसाठी असते, जेथे लोक मोसमात इंजिने बदलतात आणि प्रत्येक फेरीनंतर ती उघडून पाहतात. दुकानदार म्हणतो, दोन्ही वीसच, आणि त्याचे म्हणणे खोटे नसते. पण घरी आणलेल्या इंजिनाचे वंगण त्या दिवशी निम्म्यावर आलेले असते आणि घरात कोणालाच त्याची वार्ता नसते.

म्हणून इंधन बदलताना पहिला प्रश्न “तेल किती?” हाच विचारावा. शर्यतीच्या इंधनात ते साधारण ८ ते १२ टक्के असते, हौशी गाड्यांच्या इंधनात १४ ते २० टक्के. विमानाच्या इंधनात बहुधा १८ ते २२ टक्के तेल असते आणि नायट्रो ५ ते १५ टक्के. बाटलीवर आकडा नसेल तर दुकानात उत्पादकाचे माहितीपत्रक मागावे. तेथेही मिळाला नाही तर दुसरी बाटली घ्यावी. आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेत जी मर्यादा दिली असेल तिच्या खाली जाऊ नये, मग शेजारच्या ट्रॅकवरचा विजेता काहीही घालत असो.

वर जाणे आणि खाली येणे

कार्ब्युरेटरवर ‘हाय-स्पीड नीडल’ नावाचा एक स्क्रू असतो. तो उलटा, म्हणजे घड्याळाच्या विरुद्ध दिशेने फिरवला की इंधन अधिक येते. याला मिश्रण रिच झाले म्हणतात. सुलटा फिरवला की इंधन कमी येते, मिश्रण लीन होते. इंधन कमी आले म्हणजे तेलही कमी आले, कारण दोन्ही एकाच भोकातून येतात. थंडावाही कमी झाला, कारण मिथेनॉलची वाफ होताना इंजिनाची बरीच उष्णता ती घेऊन जाते. लीन मिश्रणात आच वाढते आणि वंगण घटते, दोन्ही एकदम. इंजिने मरतात ती बहुधा येथेच.

आता दहावरून वीसवर जाताना काय होते ते पाहा. नायट्रोला हवा कमी लागते, म्हणून तेवढ्याच हवेत इंधन जास्त घालावे लागते. स्क्रू दहाच्याच जागी ठेवला तर वीसच्या दृष्टीने ते मिश्रण लीन ठरते. पहिली दोन मिनिटे गाडी अशी पळते की सगळे टाळ्या वाजवतात. धूर दिसत नाही, आवाज तीक्ष्ण होतो. आणि मग इंजिन एकाएकी बंद पडते.

वीसवरून दहावर आलो तर उलटे होते. जुन्या जागी स्क्रू राहिला तर मिश्रण रिच होते. गाडी सुस्तावते, धूर फार सोडते, कधी घुटमळून बंद पडते. दिसायला वाईट, पण इंजिनाला इजा नाही. म्हणजे चढताना धोका आणि उतरताना फक्त कंटाळा. घाट चढताना आणि उतरताना जो अनुभव येतो त्याच्या नेमके उलट!

बदल करायचा तो असा

प्रथम टाकी पूर्ण रिकामी करावी आणि नळीतले इंधनही जाळून टाकावे. दोन टक्केवाऱ्यांची नायट्रो इंधने एकत्र झाली म्हणून काही स्फोट होत नाही. अर्धे दहा आणि अर्धे वीस मिळून पंधरा होते, एवढेच. पण टाकीत नेमके काय आहे हे ठाऊक नसले की जुळवणी म्हणजे अंधारात तीर मारणे.

मग नवी बाटली हलवून टाकी भरावी, आणि हाय-स्पीड नीडल पाव फेरा उलटी फिरवावी. वर जात असा की खाली येत असा, सुरुवात रिच बाजूनेच करावी. कारण तेलाचे प्रमाण बदलले की इंधनाचा दाटपणा बदलतो आणि तेवढ्याच भोकातून ते कमीअधिक वाहते. नुसत्या नायट्रोच्या आकड्यावरून केलेला अंदाज तेथे फसू शकतो.

इंजिन चांगले गरम झाल्यावर गाडी सरळ रस्त्यावर पळवावी आणि नीडल थोडी थोडी आत घ्यावी. एका वेळी घड्याळातल्या एका तासाच्या अंतराएवढीच, त्याहून जास्त नाही. प्रत्येक वेळी एक-दोन फेऱ्या मारून पाहावे. जोर येईल, आवाज मोकळा होईल. पण पूर्ण वेगात धुराची बारीक रेघ दिसलीच पाहिजे. ती रेघ म्हणजे तेल आत जात असल्याची पावती आहे.

तापमान पाहायला इन्फ्रारेड थर्मामीटर मिळतो. प्लगच्या जवळ, दर वेळी त्याच जागी, नेम धरावा. बहुतेक इंजिनांना २०० ते २७० अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण ९५ ते १३० सेल्सियस, मानवते. आपल्या इंजिनाची नेमकी मर्यादा पुस्तिकेत पाहावी. थर्मामीटर नसेल तर आपल्या आयाबायांची युक्ती आहेच. घावन घालण्यापूर्वी तव्यावर पाण्याचे शिंतोडे मारतात ना? तसा एक थेंब इंजिनाच्या डोक्यावर टाकावा. तीन-चार सेकंद चुरचुरून नाहीसा झाला तर ठीक. नुसता पडून राहिला तर इंजिन थंड आणि मिश्रण रिच. टाकताक्षणी फस्स करून उडाला तर गाडी लगेच थांबवावी आणि नीडल उघडावी.

हाय-स्पीड झाली की लो-स्पीड नीडल जुळवावी. गाडी उभी असताना टाकीकडून येणारी इंधनाची नळी चिमटीत दाबून धरावी. इंजिनाने किंचित वेग घेतला आणि दोन-तीन सेकंदांनी ते बंद पडले तर जमले. लगेच बंद पडले तर लीन आहे. बराच वेळ चालतच राहिले तर रिच.

प्लगचाही विचार करावा. नायट्रो वाढवले की थोडा ‘थंड’ जातीचा प्लग लागतो, कमी केले की ‘गरम’ जातीचा. वीसवरून तीसवर जाताना सिलिंडरच्या डोक्याखाली ०.१ मिलिमीटर जाडीची एखादी शिम, म्हणजे पातळ चकती, घालावी लागते. नाहीतर मिश्रण वेळेआधीच पेटते. दहावरून वीसवर बहुधा तशी गरज पडत नाही. प्लग काढून तार पाहिली की आतले वर्तमान कळते. ओली आणि चकचकीत तार म्हणजे रिच. करडी पडलेली, वाकडीतिकडी झालेली तार म्हणजे लीन. तारेवर टोचे पडले असतील तर स्फोट अवेळी होत आहे असे समजावे.

नव्या इंजिनाच्या पहिल्या पाच-सहा टाक्यांत मात्र इंधन बदलू नये. या इंजिनांच्या पिस्टनला रिंगा नसतात. पितळी बाही वरच्या टोकाला किंचित निमुळती असते, आणि गरम झाल्यावर दोघांची मापे एकमेकांना जुळतात. नव्या स्कूटरचे ‘रनिंग-इन’ आपण जसे सांभाळत असू तसेच हे. ज्या इंधनावर इंजिन बसवले त्यावरच ते आधी नीट नांदू द्यावे.

आणखी एक. इंधन आणि ऋतू एकाच दिवशी बदलू नयेत. ऑक्टोबरातली थंड हवा दाट असते, तिला इंधन जास्त लागते. डेन्व्हरसारख्या उंच गावची विरळ हवा कमी मागते. दोन्ही बदल एकदम झाले तर दोष कोणाचा हे कळत नाही, आणि उगाच बाटलीला बोल लागतो.

पेट्रोल? मुळीच नको

“स्कूटरमध्ये पेट्रोल आणि तेलच तर घालायचो. मग यातही पेट्रोल आणि तेल का नको?” असे विचारणारा एखादा काका प्रत्येक ट्रॅकवर भेटतो. उत्तर वर येऊन गेले आहे. प्लॅटिनमची तार लाल ठेवणारी क्रिया मिथेनॉलची आहे. पेट्रोल ती करीत नाही. हवेचे प्रमाणही दुपटीहून अधिक बदलते, म्हणजे नीडलचा सारा हिशेबच कोलमडतो. शिवाय नायट्रो गाडीतली सिलिकॉनची नळी पेट्रोलने फुगते आणि खराब होते. पेट्रोलवर चालणाऱ्या मोठ्या मॉडेल गाड्या आहेत, पण त्यांना ठिणगीचा प्लग, वेगळा कार्ब्युरेटर आणि वेगळ्या नळ्या असतात. त्यांत नायट्रोचे इंधन घातले तर मिथेनॉल त्यांच्या रबरी पडद्यांना छळते. दोन्ही घरची माणसे चांगली, पण सोयरीक नको.

विमानाचे इंधन गाडीत घालता येते का, असेही विचारतात. अडीअडचणीला गाडी त्यावर चालते, तेल जास्त असल्याने वंगणाची भीती नसते. पण नायट्रो कमी आणि दाटपणा जास्त असल्याने ती जड चालते व नव्याने जुळवावी लागते. उलट बाजूने, शर्यतीच्या गाडीचे कमी तेलाचे इंधन विमानात घालू नये. विमानाचे इंजिन सलग जोरावर चालते, आणि आकाशात बंद पडले तर ते ट्रॅकच्या कडेला थांबत नाही.

सरबताचा रंग

इथवर प्रश्न इंजिनाचा होता. आता माणसाचा. हे इंधन ओळखू यावे म्हणून त्यात रंग घालतात: गुलाबी, लाल, निळा, हिरवा. काचेच्या बरणीत ओतले तर ते कोकम सरबत की रुहअफजा असा प्रश्न पडावा. बदलाबदलीच्या खटाटोपात उरलेले अर्धे इंधन सोड्याच्या किंवा पाण्याच्या रिकाम्या बाटलीत काढून ठेवण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. आपल्या घरी सुट्टीत भाचरे येतात, आजीआजोबा सहा-सहा महिने राहायला येतात. त्यांना गॅरेजमधल्या बाटल्यांची माहिती नसते, आणि आजोबांना इंग्रजी लेबल वाचायला चष्मा सापडत नाही.

शुद्ध मिथेनॉलचे चहाचे दोन चमचेही दृष्टी घालवू शकतात. त्याहून थोडे अधिक जीव घेते. मुंबईत मालाडच्या मालवणी भागात जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली, ती मिथेनॉलनेच. सुरुवातीला माणसाला नुसती झिंग आल्यासारखे वाटते. खरे विष यकृतात तयार होते, आणि त्याची लक्षणे काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी दिसतात. म्हणून “आता बरे वाटते आहे” यावर विसंबू नये. कोणी चुकून घोट घेतला तर उलटी करवीत बसू नये. अमेरिकेत असाल तर लगेच १-८००-२२२-१२२२ या विषबाधा केंद्राच्या क्रमांकावर फोन करावा, किंवा थेट ९११. बाटली बरोबर न्यावी आणि इंधनात नायट्रोमिथेनही आहे हे डॉक्टरांना सांगावे. रक्तातले क्रिएटिनिन मोजण्याच्या एका नेहमीच्या पद्धतीत नायट्रोमिथेनमुळे आकडा खोटाच वाढलेला दिसतो, आणि मूत्रपिंडे बिघडल्याचा भास होतो. आमच्या वाचकांत डॉक्टर पुष्कळ आहेत; त्यांनाही ही गोष्ट उपयोगी पडावी.

दुसरा धोका आगीचा. मिथेनॉलची ज्योत फिकट निळी असते आणि उन्हात दिसतच नाही. १९८१ च्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत रिक मिअर्स याच्या गाडीत इंधन भरताना मिथेनॉल सांडले आणि पेटले. तो आणि त्याचे सहकारी जळत होते, आणि पाहणाऱ्यांना ज्योत दिसत नव्हती. त्या शर्यतमालिकेत २००७ पासून मिथेनॉलच्या जागी इथेनॉल आले. आपण मात्र भर उन्हात, गरम इंजिनाशेजारी, दर दहा मिनिटांनी मिथेनॉल ओतत असतो. म्हणून इंजिन बंद करूनच टाकी भरावी किंवा रिकामी करावी, आणि हाताशी पाण्याची बादली ठेवावी. मिथेनॉल पाण्यात पूर्ण मिसळते, म्हणून भरपूर पाण्याने ही आग विझते. इंधन मोकळ्या हवेत हाताळावे, हातमोजे घालावे. त्वचेतूनही ते अंगात जाते.

बाटलीचे झाकण घट्ट लावावे. मिथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते, आणि पाणी मिसळलेल्या इंधनावर कोणतीच जुळवणी टिकत नाही. दिवसाअखेर टाकी आणि इंजिन कोरडे करून आत खास तेलाचे चार थेंब सोडावे, नाहीतर बेअरिंगे गंजतात. इंजिन वर्षभराने अडकून बसते तेव्हा लोक इंधनाला दोष देतात. दोष असतो त्या एका आळसावलेल्या संध्याकाळचा.

कायदा आणि प्रवासाची बॅग

अमेरिकेत ३० टक्क्यांची बाटली दुकानात सरळ मिळते. युरोपीय संघात तसे नाही. नायट्रोमिथेनचा दुरुपयोग स्फोटकांसाठी होऊ नये म्हणून २०२१ पासून तेथे वजनी १६ टक्क्यांहून अधिक नायट्रोमिथेनचे इंधन सामान्य ग्राहकाला विकता येत नाही. जे देश परवाना देतात तेथे तो काढावा लागतो. ब्रिटनमध्येही ठरावीक मर्यादेपुढे परवाना लागतो.

येथे ‘वजनी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. नायट्रोमिथेन मिथेनॉलपेक्षा बरेच जड असते. त्यामुळे मापाने १२ टक्के असलेले इंधन वजनाने सुमारे १६ टक्के भरते, आणि मापाने २५ असलेले वजनाने तिसाच्या घरात जाते. अमेरिकेतून लंडनला किंवा फ्रँकफुर्टला बदली होऊन गेलेल्या मित्राने “तिकडे सोळा मिळते, म्हणजे आपल्या पंधरासारखेच” असे समजू नये. ते आपल्या बारासारखे आहे. त्याची जुळवणी त्याला खाली उतरण्याच्या हिशेबाने करावी लागेल.

आणि पुण्याच्या पुतण्याने इंधन मागवले तर त्याला स्पष्ट नाही सांगावे. ते प्रवासी विमानात हातातल्या बॅगेतही चालत नाही आणि सामानातही नाही. चकल्यांच्या डब्याशेजारी लपवून नेण्याची ही वस्तू नव्हे. त्याला प्लग न्यावा, शिमांचे पाकीट न्यावे. इंधन त्याने तिकडेच पाहावे.

एक वही

शेवटी एक सूचना. गाडीच्या पेटीत एक साधी वही ठेवावी आणि ती मुलाच्या हातात द्यावी. तारीख, हवेचे तापमान, इंधनाचे नाव, नायट्रो किती, तेल किती, नीडल किती फेरे उघडी, प्लग कोणता, इंजिनाचे तापमान किती, एवढे प्रत्येक वेळी एका ओळीत लिहायचे. पाच-सहा रविवार झाले की त्या ओळी आपोआप बोलू लागतात. नायट्रो वाढवले तेव्हा नीडल किती उघडावी लागली, थंडीत किती, उन्हाळ्यात किती, हे दुसऱ्या कोणाला विचारावे लागत नाही. इंधन बदलण्याची भीती जाते, आणि दुकानात गेल्यावर काउंटरवर उभे राहून “यात तेल किती?” असा प्रश्न दहा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी आपणहून विचारते.

वही मराठीत लिहायला सांगितली तर अर्धमागील अपूर्णांकही पाठ होतील. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड हे शब्द कोठेतरी वापरल्याशिवाय मुलांच्या तोंडी बसत नाहीत, आणि नीडलच्या फेऱ्यांना त्यांच्याइतके सोयीचे शब्द इंग्रजीत नाहीत.